हात धुण्याइतका वेळ

जीवन: चष्मा घाल आणि वाच, आई. चारच ओळी आहेत. खाली सही केलीस की सातची हरसूल गाडी मिळेल.

करुणाबाई: वाचल्या. दोनदा वाचल्या. ‘मी, करुणा शांतवन साळवे, वय अठ्ठ्याहत्तर, हरसूलच्या बाजारात लोकांच्या जखमा बांधताना कोणत्याही प्रकारची प्रार्थना करणार नाही.’ वय तेवढं बरोबर घातलंय.

जीवन: चेष्टा नको. गोटीरामशेठचा कालपासून तीनदा फोन आला. तो व्हिडिओ फिरायला लागल्यापासून रोज चार-पाच जण त्यांच्या दुकानापुढे येऊन उभे राहतात. ते म्हणाले, सही आणली तर पडवी बाईंचीच आहे. नाही आणली तर मला कुलूप लावावं लागेल.

करुणाबाई: गोटीराम वाईट माणूस नाही. घाबरलाय. बावीस वर्षं दर बाजाराला मी त्याच्या पडवीत बसते, कधी कपाळाला आठी नाही त्याच्या. निघताना माझं तस्त तोच धुऊन हातात द्यायचा.

जीवन: मग त्याच्यासाठी तरी कर सही.

करुणाबाई: चहा घे. साय धरली त्यावर.

जीवन: तू तो व्हिडिओ नीट पाहिलास तरी का?

करुणाबाई: पाहिला ना. माझ्या पाठीमागून काढलाय. मी तस्तात हात धुतेय आणि ओठ हलताहेत. वर लिहिलंय, ‘बाई पाण्यावर मंत्र टाकते, गरिबांना बाटवते.’ आणि माझा अंबाडा सुटलेला. पाठीमागे एवढा वेळ उभा होता, तर सांगायचं तरी त्याने.

जीवन: तुला हसायला येतंय. आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आलाय तो. परवा जिन्यात उज्वलाताईंनी विचारलं, ‘त्या तुमच्या आई का हो?’ मी हो म्हटलं. त्या नुसत्या ‘अच्छा’ म्हणाल्या आणि वर गेल्या. नऊ वर्षं आपल्या नाताळच्या करंज्या खाल्ल्या त्यांनी. आणि आता अच्छा!

करुणाबाई: याही नाताळला पाठवू. सारण जरा जास्त भरू.

जीवन: पाठव. पण ताट घेऊन मी जाणार नाही.

करुणाबाई: मी जाईन. दोन जिन्यांचा तर प्रश्न.

जीवन: आई, मी तुला हरसूलला जाऊ नकोस म्हणतोय का? तिथे गेलं पाहिजे, हे मलाही कळतं. मिशनचा दवाखाना बंद झाला, इमारत पाडली, तिथे गाड्या लावायला लागले, तरी तुझं काम काही थांबलं नाही. ते थांबू नये म्हणूनच सही कर म्हणतोय. प्रार्थना मनातल्या मनात म्हण. देवाला मनातलं ऐकू येतं, हे तूच शिकवलंस आम्हाला.

करुणाबाई: येतं ऐकू. पण मनातल्या मनात घाई होते. बोटांच्या बेचक्या राहून जातात.

जीवन: कसल्या बेचक्या?

करुणाबाई: तुला कधी सांगितलंच नाही का? मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिकायला गेले तेव्हा आम्ही बारा मुली होतो. अठरा-अठरा वर्षांच्या. वॉर्डात भिंतीवर एकच घड्याळ, तेही रोज मागे पडायचं. मग मेट्रनबाईंनी नियम घालून दिला. हाताला साबण लावला की प्रभूची प्रार्थना सुरू करायची. सावकाश, एकेक शब्द, आणि तोवर बोटं, बेचक्या, नखं, मनगटं चोळत राहायचं. आमेन झालं की पाणी. त्याआधी पाण्यात हात घातला तर पुन्हा पहिल्यापासून. बाई शेजारी उभ्या राहून आमचे ओठ बघायच्या. विमल म्हणून एक होती, ती मधलं एक वाक्य गाळायची. तिला तीन-तीनदा धुवायला लावायच्या. थंडीच्या दिवसांत त्या तस्तातलं पाणी कसलं गार असायचं, काय सांगू तुला. तेव्हापासून साबण हाताला लागला की माझे ओठ हलतात. भांडी घासतानाही हलतात. तुझ्या बाबांना वाटायचं, मी त्यांच्यावर चिडून बडबडतेय.

जीवन: मग झालं की! हेच लिहून देऊ आपण. ही प्रार्थना नाही, वेळ मोजायची पद्धत आहे. दवाखान्याची शिस्त. मी नीट मजकूर करून देतो. त्यांचंही समाधान, आणि तू खोटंही बोलली नाहीस.

करुणाबाई: अर्धं खरं आहे ते.

जीवन: अर्धं पुरे आहे.

करुणाबाई: पहिलं वर्षभर घड्याळच होतं बघ. मग मला जळलेल्या बायकांच्या वॉर्डात टाकलं. स्टोव्ह भडकून आलेल्या, कुणी पेटवलेल्या. त्यांच्या अंगाला हात लावायच्या आधी माझेच हात थरथर कापायचे. आमेनपर्यंत आले की थांबायचे. रोज थांबायचे. तेव्हापासून ते घड्याळ राहिलं नाही, जीवन. आता या वयात कागदावर लिहून देऊ, की मी नुसतं मोजत होते?

जीवन: आणि बाजारातल्या त्या अक्काबाईचा पाय? तूच म्हणालीस ना, साखरेच्या आजाराची जखम आहे, सरकारी दवाखान्यात जायला ती तयार नाही, एक आठवडा चुकला तर अंगठा जाईल. तुझ्या एका प्रार्थनेसाठी त्या बाईचा अंगठा घालवणार?

करुणाबाई: हे मात्र बरोबर विचारलंस.

जीवन: मग सांग ना.

करुणाबाई: काय सांगू? काल फोन आल्यापासून तो अंगठाच दिसतोय डोळ्यांपुढे. सही केली तर माझ्या देवाला नाकारते, नाही केली तर तिला. आपली माणसं अशा वेळी काय करायची, ते आठवून बघतेय. माझ्या आजीला विहिरीवर पाणी भरू देत नसत, ती बाटली म्हणून. ती रोज घडा घेऊन जायची आणि बाजूला उभी राहायची. भांडली नाही आणि घरीही बसली नाही. शेवटी कुणीतरी तिच्या घड्यात पाणी वाढायचंच.

(दाराची कडी वाजते.)

चिमणाबाई: शिस्टर! हाय का घरात? सलाम, शिस्टर.

करुणाबाई: चिमणा? सलाम, सलाम. अगं, एवढ्या सकाळी! जीवन, ओळखलंस का? जीपमधून आम्ही पाड्यांवर फिरायचो तेव्हा बाळंतपणाला माझ्या हाताखाली असायची ही. तुला नागलीची भाकर आणायची.

जीवन: बसा ना, मावशी. पाणी आणतो.

चिमणाबाई: बसत नाय. पहिल्या गाडीनं आले ते बोलाया. आधी बोलते, मंग पाणी देयाचं का नाय ते तुम्ही ठरवा. शिस्टर, तो इडिओ माझ्या चंदरनं काढलाय.

जीवन: तुमच्या चंदरने?

चिमणाबाई: व्हय. टेम्पो घेऊन बाजारात आला व्हता. मला काल समजलं. चार जण त्याच्याकडं आले न् म्हणले, भारी काम केलं. तवा कळलं.

जीवन: थांबा. चंदर म्हणजे तोच ना, लहानपणी पायावर उकळतं पाणी सांडलं होतं? आई तीन आठवडे तुमच्या पाड्यावर राहिली होती. मी सहावीत होतो, शेजारी जेवायचो. आई, हेच सांगू आपण! त्याच्या पायाचे वण दाखवू म्हणावं सगळ्यांना. व्हिडिओला व्हिडिओ.

करुणाबाई: तो विषय काढायचा नाही.

जीवन: का नाही?

करुणाबाई: तो पाय त्याला चालता यावं म्हणून बरा केला. माझ्या बाजूने उभा राहावा म्हणून नव्हे. चिमणा, पाणी पी. आणि मला सांग, व्हिडिओ का काढला म्हणतो?

चिमणाबाई: मी इचारलं त्याला. तर म्हणतो, ‘आई, ती पुटपुटते. काय पुटपुटते ते कुणाला म्हाईत? चांगलं असतं तर मोठ्यानं नसती बोलली?’

करुणाबाई: असं म्हणाला?

चिमणाबाई: असंच. लय राग आला मला.

करुणाबाई: एवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.

जीवन: बरोबर आहे?

करुणाबाई: साठ वर्षं मी तस्तात तोंड घालून पुटपुटतेय. मेट्रनबाईंनी तसंच शिकवलं, आजारी माणसाची झोप मोडू नये म्हणून. पण बाजारात कोण झोपलेलं असतं? माझ्या जखमेला हात लावायच्या आधी कुणी असं ओठांतल्या ओठांत बोललं, तर मीही दचकेन. कधी एकालाही सांगितलं नाही मी काय म्हणते ते. ती चूक माझी.

जीवन: म्हणजे आता काय करणार आहेस?

करुणाबाई: मोठ्याने म्हणणार.

जीवन: आई!

करुणाबाई: ओरडून नव्हे. समोरच्याला ऐकू येईल इतकं. आणि प्रत्येकाला आधी सांगणार, बाबा रे, मी हात धुताना माझ्या देवाशी बोलते. तुला नको असेल तर सांग, मी बाजूला जाऊन हात धुऊन येते. पट्टी तीच, औषध तेच. तुझा देव तुझ्यापाशी राहू दे. लपवणार नाही आणि कुणावर लादणारही नाही.

जीवन: आणि हे करणार कुठे? पडवीला कुलूप लागेल.

चिमणाबाई: माझा ओटा हाय की. आता बाजाराच्या मागंच राहतो आम्ही. शाळेपलीकडं.

जीवन: चंदरच्या घरी?

चिमणाबाई: घर त्याचं असंल. ओटा मी सारवते. त्यालाबी जवळून बघू दे. पाठीमागून माणसाचं काय दिसतं?

करुणाबाई: चिमणा, तुला त्रास होईल. तुझ्यावरही येतील ते. ही पण बाटली म्हणतील.

चिमणाबाई: म्हणलेच. काल चंदरच म्हणला, ‘आई, तूबी बाटलीस का काय?’ मंग त्याला धरून मोरीवर नेला. माझ्या हाताला साबण लावला न् म्हणलं, आईक आता. आन् कणसरी मायचं सगळं मोठ्यानं म्हणून दावलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. मंग हातावर पाणी घेतलं.

जीवन: कणसरी म्हणजे?

चिमणाबाई: आमची धानाची देवी, दादा. हात धुताना मी तिचंच म्हणते. चाळीस वर्सं झाली. चंदर रोज बघतो, पर आईच्या तोंडाकडं कोण ध्यान देतंय?

जीवन: हे कुणी शिकवलं तुम्हाला?

चिमणाबाई: शिस्टरनंच. मी म्हणलं, तुमची परार्थना मला येत नाय, मी काय म्हणू? तर म्हणल्या, तुझ्या देवाचं काय येतं ते म्हण, पर एवढंच लांब पायजे. मी कणसरीचं म्हणून दावलं. तर म्हणल्या, कमी पडतंय, दोनदा म्हण.

जीवन: आई, तू यांना देवीचं नाव घ्यायला सांगितलंस? चर्चच्या पाळकांना माहीत होतं हे?

करुणाबाई: कळलं होतं. आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत ते. पण समोर अडलेली बाई होती, जीवन. मला चिमणाचे हात स्वच्छ हवे होते. तिचं मन हा तिचा आणि देवाचा प्रश्न. चंदर काय म्हणाला गं, ऐकून?

चिमणाबाई: माझ्या हाताकडं बघत राहिला. मंग नळ बंद केला न् भायेर गेला.

जीवन: व्हिडिओ काढून टाकला?

चिमणाबाई: नाय.

करुणाबाई: नसेना का. जीवन, त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे ना? पेन दे.

जीवन: काय लिहितेस?

करुणाबाई: ‘मी, करुणा शांतवन साळवे, हात धुताना प्रार्थना करते. काय म्हणते ते ऐकू यावं म्हणून मोठ्याने करते. ज्याला नको असेल त्याने तसं सांगावं. जखम मात्र दाखवावी.’ घे. सही हवी होती ना गोटीरामला? ही केली बघ. जाताना त्याच्या हातात देईन. त्याला म्हणेन, तू कुलूप लाव, मी रागावले नाही.

जीवन: आणि ते लोक ओट्यावर आले तर? तस्त उलथून टाकलं तर?

करुणाबाई: तर पुन्हा पाणी भरायचं आणि पहिल्यापासून धुवायचे. नियमच आहे तसा.

जीवन: तुला भीती नाही वाटत?

करुणाबाई: वाटते ना. म्हणून तर आमेनपर्यंत थांबायचं असतं.

चिमणाबाई: शिस्टर, सातची गेली असंल. साडेसातची हाय. निघाया पायजे.

करुणाबाई: निघू. जीवन, माझ्या चपला सरकव जरा पुढे. तू जा तुझ्या कामावर, काळजी करू नकोस.

जीवन: थांब. पिशवीत साबणाची एकच वडी आहे.

करुणाबाई: पुरते ती मला बाजारभर.

जीवन: आज नाही पुरणार. दोन ठेवतो. आणि ते तस्त इकडे दे, मी घेतो.