केशोरावांचा फळ्यांचा ओटा

नाही, पण मी म्हणतो, माणूस ओटा बांधतो तो कशासाठी? बसायलाच ना? चार जणांनी यावं, टेकावं, तंबाखू मळावी, कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी शिरलं त्याच्या गप्पा कराव्या... पण आमच्या केशोरावांच्या ओट्याजवळ नुसते उभे राहिलात तरी आतून आवाज आलाच म्हणून समजा, "दूर, दूर, लाकूड हाय बापा, जपा लागते." जपा बाबा. तुम्हाला सांगतो, त्या पावसाळ्यात या गृहस्थांनी ओटा जितका जपला तितकी मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, जपली असती, तर सरकारला ती काढून न्यायला आणखी दोन पिढ्या लागल्या असत्या.

कारण मूळ दुखणं तेच. चिचगडच्या अलीकडच्या त्या गावात केशोराव कालपर्यंत मालक, आणि एका सकाळी कायदा झाला नि ते नुसते केशोराव उरले. दरवर्षी दसऱ्याला सारा गाव त्यांना सोनं द्यायला यायचा. मालक वर खुर्चीत, रयत खाली अंगणात. आता यंदा गाव येईल का? आणि आलाच तर आपण बसायचं कुठं? खुर्ची सरकारनं नेली नव्हती हो, उंची नेली होती. तेव्हा केशोरावांनी ठरवलं, उंची आपली आपण बांधून घ्यायची.

लहानपणी कुठल्याशा डाकबंगल्यासमोर साहेबाचा फळ्यांचा ओटा त्यांनी पाहिला होता. झालं, तसाच पाहिजे. श्यामलाल वाढई आला, ठेवणीतलं बिजाच्या झाडाचं लाकूड निघालं, कमरेइतक्या खांबांवर फळ्या ठोकल्या गेल्या. दोन फळ्यांमध्ये श्यामलालनं बोटभर फट ठेवली, म्हणजे पाणी खाली गळतं, वारा खेळतो, फळी फुगली तर तिला जागा मिळते. छप्पर घाला म्हटलं, तर केशोराव म्हणाले, छपराखाली बसलेला माणूस दुकानदार दिसतो. बरं, नका घालू. आम्हाला काय?

मग उन्हाळा तापला आणि फळ्यांना बारीक चिरा दिसू लागल्या. चिरा म्हणजे आमच्या तुमच्या टाचांना पडतात तशा, पण केशोरावांचं अन्न गेलं. टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, डबेच्या डबे आणून रोज फळ्यांना चोळायला लागले. घरात भाजीला फोडणी नाही, ओट्याला अभ्यंग. त्या वासानं पंचक्रोशीतल्या मुंग्या आल्या. मुंग्या हाकलल्या तोवर पाऊस आला. पावसासाठी ताडपत्री घातली, तर आतल्या आत लाकडाला घाम फुटला नि पांढरी बुरशी धरली. ताडपत्री काढली की पाऊस, घातली की बुरशी... माणूस दिवसभर ताडपत्री ओढतोय नि सोडतोय, एखाद्या नाटकाच्या पडद्यावर नेमल्यासारखा. खाली कोरडी जागा बघून शेळ्या बसायला लागल्या, तर त्यांच्या ओलीनं खांब कुजतील म्हणून त्यांच्यामागे काठी घेऊन. विचारलं तर उत्तर ठरलेलं, लाकूड हाय, जपा लागते.

आणि इतकं करून आभाळ आवरलं, तर घर उठलं. त्यांच्या मंडळी देवकाबाई. बाईंना एवढंच माहीत की दारासमोरची जागा सारवायची असते. पोळ्याच्या सकाळी केशोराव देवरीला गेलेले पाहून त्यांनी ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत शेणानं सारवला, वर पांढरा चौक काढला, आणि त्या बोटभर फटी शेणमातीनं नीट लिंपून टाकल्या, का, तर पुढं धान वाळत घालू तेव्हा दाणा खाली जायला नको. केशोराव परतले आणि अंगणातच थिजले.

"हे काय करून राहिली तू?"

"सारवून राहिली. सणाच्या दिवशी तसंच ठेवू काय?"

"अवो, लाकूड हाय ते. ओलीनं सडते."

"मंग सडते तं बांधलं कायले?"

  केशोराव सबंध पोळा छत्रीच्या काडीनं फटी उकरत बसले. दारात बैल ओवाळून घ्यायला आले, तर त्यांनाही लांबूनच ओवाळलं. शिंग घासलं तर?

त्या दिवसापासून ओट्यावर केशोरावांचा कायदा निघाला. ज्याचे पाय कोरडे, तोच वर. आता तुम्हीच सांगा, धानाच्या मुलखात भाद्रपदात कोरड्या पायाचा माणूस आणायचा कुठून? कोणीच वर गेलं नाही. केशोराव स्वतःही नाही, कारण ते तेलाचा डबा नि चिंधी घेऊन अष्टौप्रहर खाली चिखलात.

दसरा उजाडला. दुपारी पाऊस एक सर टाकून, अंगणाचा राडा करून निघून गेला. संध्याकाळी ताडपत्री निघाली आणि खरं सांगतो, ओटा देखणा दिसत होता. तांबूस, तुळतुळीत, एक डाग नाही. वर खुर्ची, तिच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. केशोरावांचा डोळा रस्त्याकडे. येतात का, येतात का... आणि आला हो, सगळा गाव आला, हातात आपट्याची पानं घेऊन. केशोरावांचा चेहरा असा फुलला की मलाही क्षणभर बरं वाटलं. ते वर जायला निघाले. पायरीवर पाय ठेवला. उचलला. फळीवर चिखलाची पाच बोटं उठली होती. पोत्याला पाय पुसावा तर पोतं पायाहून ओलं. त्यांनी बाहीनं ती फळी पुसली आणि खालीच उभे राहिले.

तेवढ्यात सुकराम आला. नवा सरपंच. याचा बाप दसऱ्याला मालकांच्या डोक्यावर छत्री धरायचा. सुकरामच्या पायात गोंदियाहून आणलेले गुडघ्याइतके रबरी बूट. पायरीशी त्यानं ते काढले. आतले पाय भट्टीतून काढल्यासारखे कोरडे.

"मालक, जाऊ वर?"

केशोरावांनी ते पाय वाकून पाहिले. उलटसुलट पाहिले. खोट सापडेना.

"जाय," म्हणाले.

वर खुर्ची एकच. सुकराम बसला. लोकांना काय, जो वर त्याला सोनं. रांग लागली. सुकरामलाच ओशाळल्यासारखं झालं, म्हणाला, "काऊन खाली उभे मालक, तुमी बी या ना." केशोराव म्हणाले, "राहू दे. खुर्ची नोको सरकवू, ओरखडे पडते."

आता जा तुम्ही त्या गावात. विचारा, हा ओटा कोणाचा? सांगतील, सरपंचाचा. आणि तेलाचा डबा घेतलेला तो म्हातारा? म्हणतील, असतो तिथंच... पण माणूस कामाचा आहे हो, ओटा चांगला राखतो.