आपलं म्हणजे कोणाचं?

...नाही, यंत्रं मोजा, पिंपं मोजा, झालंच तर मला मोजा, पण जे डोळ्यांना दिसतच नाही ते मोजायला माणूस येतो म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, आमच्या दादाचा डिंकाचा कारखाना. 'जोडहात' डिंक, नळीवर दोन जोडलेल्या हातांचं चित्र. धंदा पार बसलेला, कामगार रोज दादाच्या तोंडाकडे बघतायत, आणि अशात एक मोठी कंपनी म्हणाली, तुमचं नाव, चित्र, कृती वापरून आम्ही डिंक विकतो, तुम्ही वाटा घ्या. आता हे जमलं तर कारखाना चालणार, नाहीतर कुलूप. पण त्यांची अट, आधी बौद्धिक संपदेचं ऑडिट. म्हणजे काय, तर हे सगळं खरंच तुमचं आहे का ते बघायचं, नाहीतर उद्या तिसराच कोणी उठायचा आणि म्हणायचा, चित्र माझं, भरा दंड!

आल्या ऑडिटवाल्या बाई. आवाज इतका मऊ की धडकीच भरावी. "कृती कोणाची?" दादा म्हणाला, आपलीच. "आपली म्हणजे कोणाची?" बाबांची, त्यांच्यामागे दादाची, कपाटात कुलपात आहे. बाई कपाटाकडे बघतात तर किल्ली कुलपालाच लटकतेय. "गुपित असेल तर गुपितासारखं ठेवा हो." नावाची नोंदणी सापडली, दादा जरा सैलावला. मग बाईंनी नळी उचलली. "आणि चित्र?"

"आपलंच."

"आपलं म्हणजे कोणाचं?"

दादा पंख्याकडे बघायला लागला. कारण चित्र काढलेलं भावोजींनी. भावोजी म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, दुकानांच्या पाट्या रंगवतात. बाई विचारतात, पैसे दिले होते? लिहून घेतलं होतं? दादा म्हणतो, अहो घरचा माणूस, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? "मग चित्र त्यांचं. हक्क लिहून घ्या."

आता लिहून घ्यायचं कसं? दादा आणि भावोजी कित्येक वर्षं बोलत नाहीत! का, तर खुर्ची. आपल्या डिंकाने जोडलेली खुर्ची, भावोजी पाहुण्यांसमोर ऐटीत बसले आणि धाडकन जमिनीवर. आणि आमचा दादा धावला तो कुठे? तुटलेला पाय उचलून सांधा बघायला! माणूस पडलाय खाली कण्हत, हा म्हणतो, लाकूडच ओलं होतं. ताई मध्ये पिचली बिचारी, दोघांचे निरोप पोचवून पोचवून.

"त्या माणसासमोर मी हात जोडू?" दादा म्हणाला. म्हटलं, दादा, नळीवर रोज जोडतोस की.

गेलो शेवटी, दादा, मी, आणि सही बघायला बाई. ताईने दार उघडलं, दादाला बघितलं आणि बाजूला झाली. भावोजी म्हणाले, "बसा." दादा म्हणाला, "कुठे?" भावोजींनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तीच खुर्ची हो, तीन पायांची, तुटलेल्या पायासकट जपून ठेवलेली! मला वाटलं संपलं, आता हा उलट पावली फिरणार. पण दादा सरळ फरशीवर बसला, खिशातून नळी काढली, तुटलेल्या पायाला डिंक लावला आणि दोन्ही हातांनी सांधा दाबून धरून राहिला... मान खाली. म्हणाला, "तेव्हा आधी तुम्हाला उचलायला हवं होतं. मी आपला सांधा बघत बसलो." ताई आत पळाली, पदराने डोळे पुसत. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं.

भावोजींनी सही ठोकली. "अहो, चित्र तर मी आपलं असंच काढलं होतं." बाई लगेच, "आपलं म्हणजे कोणाचं?" हसलो हो सगळे! मी जरा जास्तच हसलो, तर बाई म्हणतात, "आणि चित्रातले हात कोणाचे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डिंकाचा पहिला घाणा ढवळताना माझेच तळवे एकमेकांना चिकटले होते ना, मी कोमट पाण्यात हात बुडवून ओरडतोय आणि भावोजी समोर बसून चित्र काढतायत! मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा, भावोजी, ताई, तिघं एका सुरात म्हणाले, "आपलेच!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत, ते माझ्या हातांवर! दिली बाबा मीही सही.

कारखाना चाललाय जोरात. पगार वाढव म्हणून दादापुढे हात जोडायला गेलो, तर दादा म्हणतो, थांब, हे हात जोडायचे तर आधी कंपनीला विचारावं लागेल.