लाईट दोनदा यायची

सगळ्यांना जयभीम, नमस्कार, सलाम.

मला बोलता येत नाही. वाचता येतं. म्हणून चार ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या. पण चष्मा घरीच राहिला, आणि समोर तुम्ही सगळे, बाजूला यांचा हार घातलेला फोटो. तेव्हा जसं येईल तसं सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका. कुणी पाणी पुढं केलं की मला जास्तच रडू येतं.

माझ्याआधी वीज खात्याचे साहेब बोलले. म्हणाले, किसनराव लाईनमन कामाला फार चोख. बरोबर आहे. सरपंच म्हणाले, भर पावसात पोलवर चढायचे. तेही खरं. ते किसनराव तुम्ही सगळ्यांनी पाहिले, खालून, मान वर करून. मी तुम्हाला घरातले किसनराव सांगते. रविवारी दुपारी चार वाजता टीव्हीसमोर पाट टाकून बसणारे. आणि मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती शेवटी सांगते. आधी सांगितली तर पुढचं बोलणं व्हायचं नाही.

सिद्धेश्वरहून कुरुंद्याला, कुरुंद्याहून इथं बाळापूरला, अशा यांच्या बदल्या झाल्या. इथं आलो तेव्हा केबल नवी नवी होती. एका इंग्रजी चॅनेलवर दर रविवारी चारला विलायतेची एक मालिका लागायची. खुनाची. एक जाडसे मोठे साहेब, त्यांच्या हाताखाली एक हवालदार. साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला की फोन वाजायचा, कुठंतरी मुडदा सापडायचा, आणि चहा तसाच राहायचा. आमची सुजाता पाचवीत होती तेव्हा ती मालिका सुरू होती. तिचं लग्न झालं तेव्हाही सुरूच होती. साहेबांचे केस पांढरे झाले, आमच्या यांचेही झाले.

तुम्ही म्हणाल, यांना कुठं इंग्रजी येत होतं? येतच नव्हतं. पहिल्यांदा हे ती मालिका खुनासाठी बघायला बसलेच नव्हते. तारांसाठी बसले होते.

"तारा बघ, तारा!" मला हाका मारून बोलावलं. "अगं, एवढं खेडं, पण एक तार लोंबून राहिली का बघ. पोल कसा उभा हाय. सरळ. माझ्या नोकरीत एवढा सरळ पोल मी पाह्यला न्हाई."

मी म्हटलं, "अहो, तिथं बाई मरून पडली आहे पोलाखाली."

"ती पडली, पण पोल पडला का?"

अशी सुरुवात झाली.

शेजारच्या गयाबाई यायच्या. त्या बघा, तिथं खांबाशी बसल्यात. गयाबाई, तोंड लपवू नका, मी तुमचं सांगणारच. गयाबाई हळद निवडत बसायच्या आणि म्हणायच्या, "मी म्हणते, त्या गावात माणसं राहून राहिलीत काहून? दर रविवारी एक मुडदा. आन् बाया बघ, फुलाला पाणी घालतात! कोणी गाव सोडून जात कसं न्हाई?"

हे म्हणायचे, "गयाबाई, त्यांच्याकडं लोडशेडिंग न्हाई. कशाला सोडतील गाव?"

आता त्या मालिकेत एक माणूस होता. काळे कपडे, गळ्यात पांढरी पट्टी, हातात पुस्तक. सगळे त्याला व्हिकार म्हणायचे. खून या गावात झाला तरी व्हिकार हजर, पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात झाला तरी व्हिकार हजर. चेहरा वेगळा वाटायचा. पण आम्हाला वाटलं, हवालदाराचा नट बदलतो तसा त्याचाही मधूनमधून बदलत असेल. आम्ही समजलो, व्हिकार हे त्याचं आडनाव. आमच्यात खिल्लारे, कांबळे, तसं त्यांच्यात व्हिकार.

हे म्हणायचे, "याची बदली होऊन राहिली सारखी. माझ्यासारखी. पण मी जातो तिथं लाईट येते, हा जातो तिथं माणूस मरतो. खून व्हिकारच करून राहिला. लिहून ठेव."

दर रविवारी हेच. मालिका सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत की यांचं ठरलेलं. "व्हिकार." आमची पैज असायची. ज्याचा अंदाज चुकला त्यानं चहा करायचा. मी नीट बघून, विचार करून नाव सांगायची. कधी बरोबर यायचं, कधी नाही. पण यांचा व्हिकार एकदाही खुनी निघाला नाही. त्यामुळं इतकी वर्षं रविवारचा चहा यांनीच केला. साहेब, तुमच्या खात्याला माहीत नसेल. तुमचा लाईनमन आलं फार छान ठेचायचा.

आता खरी गंमत ऐका. मालिका निम्मी झाली की आपल्याकडं लाईट जायची. शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की फ्यूज उडायचा. लाईट गेली की पाचव्या मिनिटाला आमचं दार वाजायचं. "ओ लाईनमन! सुट्टी असली म्हून काय झालं?" हे पक्कड घ्यायचे, सायकल काढायचे, हाताखालच्या सय्यदभाईंना हाक मारायचे आणि डीपीकडं, त्या फ्यूजच्या पेटीकडं, जायचे. अर्ध्या तासानं लाईट यायची. टीव्ही आपोआप सुरू. तुम्ही सगळे शेवट बघायचात. खुनी कोण ते गावाला कळायचं. ज्यानं लाईट आणली, तो मात्र डीपीवर असायचा.

यांनी त्या मालिकेचा शेवट कधीच पाहिला नाही. पाहू शकलेच नाहीत.

मग कोण सांगणार यांना? मी. मी सातवी शिकलेली. मराठी भाड्याच्या लायब्ररीतून आणून आणून वाचलं, मिळेल ते वाचलं. पण इंग्रजीची तीनच वर्षं. पुढं टीव्हीवर खाली इंग्रजी अक्षरं यायला लागली. अक्षरं पळायची. मी सुजाताच्या जुन्या वहीत दिसेल तो शब्द टिपायची आणि सोमवारी तिच्या डिक्शनरीत बघायची. चाकू. मृत्युपत्र. सावत्र बहीण. माझं इंग्रजी असं खुनाखुनातून झालं. आधीचं अर्धं पाहिलेलं, मधलं अंधारात गेलेलं, शेवट पाहिलेला. त्यातून मधलं जुळवायचं आणि यांना सांगायचं. हे दारातून आत यायचे, पायातली वहाण काढायच्या आधी एकच शब्द विचारायचे. "कोण?"

मी नाव सांगायची. हे हळहळायचे. "म्हंजे व्हिकार न्हाई?" आणि मुकाट चहा ठेवायचे.

एका सोमवारी डिक्शनरीत मला तो शब्द सापडला. व्हिकार म्हणजे आडनाव नाही. व्हिकार म्हणजे तिथला धर्मगुरू. प्रत्येक गावाला वेगळा. माझं मलाच हसू आलं. पण मी यांना सांगितलं नाही. दोन वर्षं सांगितलं नाही. मला वाटलं, बदल्या होणारा यांच्यासारखा एक माणूस टीव्हीत आहे, तो कशाला काढून घ्यायचा? शेवटी सुजातानं एकदा माहेरपणाला आल्यावर सांगून टाकलं.

हे म्हणाले, "म्हंजे दर गावात निराळा हाय व्हय? मंग मी उगाच एकाच माणसावर आळ घेऊन राहिलो एवढी वर्षं." आणि पुढच्या रविवारी पुन्हा, "व्हिकार!"

मी म्हटलं, "अहो, आता तर कळलं ना?"

"आडनाव नसलं म्हून काय झालं? कधीतरी करंल की."

आता जे सांगते ते तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

तुम्ही सगळे यांना एका गोष्टीवरून बोललात. लाईट यायची, लगेच जायची, पुन्हा यायची. तुम्ही म्हणायचात, "या लाईनमनला एका वारात फ्यूज बसवता येत न्हाई." गिरणीवाल्या भाऊंनी तर तोंडावर सांगितलं होतं. हे हसायचे. सय्यदभाई विचारायचे, "किसनभाई, दो बार काहे को?" तर म्हणायचे, "टेस्टिंग."

टेस्टिंग नव्हतं ते. तो मला निरोप होता.

लग्नानंतर कुरुंद्यात असताना एकदा हे पोलवर होते आणि मागून कुणीतरी लाईन चालू केली. यांच्या हाताला चटका बसला, जीव वाचला. त्या दिवसापासून हे कामावर गेले की मी दारात उभी राहायची. लाईट आली तरी मला कळायचं नाही, ती यांनी आणली की यांच्यावर आली. एकदा रडून मी हे बोलले. तेव्हा यांनी ठरवलं. फ्यूज लावायचा, काढायचा, परत लावायचा. लाईट दोनदा आली की समजायचं, मी धडधाकट हाय, निघालो.

पुढं कामं वाढली, वरचे साहेब बदलले, घरं बदलली. ते दोनदा काही चुकलं नाही. पोरं ओरडायची, "आली! गेली! आली!" तुमची तकलीफ व्हायची, तुमचे पंखे बंद पडायचे. माझा जीव खाली बसायचा. तुम्हा सगळ्यांची मी आज माफी मागते. ती लाईट गावाची होती. पण दुसऱ्यांदा यायची ती माझी होती.

मागच्या नाही, त्याच्या आदल्या रविवारी नेहमीसारखी लाईट गेली. नेहमीसारखं दार वाजलं. हे उठले आणि जाताना म्हणाले, "व्हिकारच. आज त्याचे डोळेच सांगून राहिले."

अर्ध्या तासानं लाईट आली. टीव्ही सुरू झाला. पडद्यावर चर्च होतं. मोठे साहेब होते. आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून, हातात बेड्या घालून उभा होता, तो व्हिकार.

मी टाळी वाजवली. एकटीच हसले. गयाबाईंना मोठ्यानं हाक मारली, "अहो, हे जिंकले! इतक्या वर्षांनी जिंकले!" आता चहा मी करायचा होता. मी आलं ठेचलं. दोन कप काढून ठेवले. यांनी "कोण?" विचारलं की लगेच सांगायचं नाही, आधी थोडं छळायचं, असंही ठरवलं.

लाईट एकदाच आली होती.

माझ्या लक्षात आलं नाही.

हेच मला कबूल करायचं होतं. पडद्यावर रक्ताचा एक ठिपका दिसला तरी जी बाई ओळखायची, पडदा हलला तरी जिला संशय यायचा, तिला घरातली एवढी मोठी खूण दिसली नाही. मी चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा गरम करताना सय्यदभाई दारात आले. एकटे.

सय्यदभाईंनी मला जे सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "भाभी, एक बार लगाया. निकाला. दुसरी बार के लिए हाथ उठाया..." नाही, सय्यदभाई, माझं चुकलं, फ्यूज काढला नव्हता. तुम्ही म्हणालात, "निकालने को हाथ उठाया, और बैठ गए." करंट बसला नव्हता. हातमोजे हातात होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, क्षणात झालं, ताई, तुम्ही धावत आला असता तरी उपयोग नव्हता. मी त्यांचं खरं मानते. कधी दुपारी मानते, कधी मानत नाही. पण एक गोष्ट मी जपून ठेवली आहे. हात उठला होता. निरोप पाठवायला हात उठला होता.

आता लाईट येते, जाते. नवीन लाईनमन चांगले आहेत, एका वारात फ्यूज बसवतात. गाव खुश आहे. मी मात्र लाईट आल्यावर अजून तशीच उभी राहते. पोरं ओरडतात, "आली!" आणि मी पुढच्या दोन शब्दांची वाट बघते.

अहो, तुम्ही दारातून आला नाहीत. वहाण काढली नाहीत. विचारलंही नाहीत. तरी मी सांगते. एवढ्या सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मी खोटं बोलते असं तुम्हाला वाटायचं नाही. व्हिकार. तुमचाच व्हिकार. तुम्ही जिंकलात. चहा माझ्याकडं राहिला.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. सय्यदभाई, मंडपाचा मेन स्विच तुमच्याजवळ आहे. तो बंद करा. पंखे थांबू द्या, माईक थांबू द्या. यांना अंधारात काम करायची सवय होती. आणि दोन मिनिटं झाली की लाईट लावा.

एकदाच लावा, सय्यदभाई. दुसऱ्यांदाची यांच्या हातात राहू द्या.