गळ्यातला काळा दोरा

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मुळशीकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे मुठा गावच्या भागूबाई उभ्या होत्या. कंपाउंडर त्यांची रिकामी बाटली हातात धरून तापला होता.

“अडीअडचणीला घरात असावी म्हणून दिलेली बाटली ही! चिठ्ठी कुठाय हिची?”

“उंदरांनी खाल्ली. कणकेची खळ लावून तुमीच चिकटवली व्हती.”

“मग पोटफुगीचं औषध कुठलं आणि खुरांना लावायचं कुठलं, हे कळणार कसं? बैल मारायचाय का?”

“बाटल्यांच्या गळ्याला दोरं बांधल्यात की. काळा पोटफुगीचा, पांढरा खुरांचा.”

“बाई, हा दवाखाना आहे, गंडेदोरे बांधायची जागा नाही!”

“व्हय, पन बैल ढोलावानी फुगलाय माझा. हुतं ते काल शेजारच्या गाईला पाजलं. आदी भरून द्या, मंग वरडा.”

कपाट उघडल्याचा आवाज आला. मग एकामागून एक बुचं निघाल्याचा.

“काय झालं, सायेब?”

“काही नाही. थांबा जरा.”

भागूबाईंनी वाकून कपाटात पाहिलं.

“अगं बया! तुमच्या बी बाटल्यांच्या चिठ्ठ्या खाल्ल्या व्हय?”

“वास घेऊन बघतोय ना मी!”

“घ्या, बिगी बिगी घ्या. आन दोरं किती देऊ, त्येवढं सांगा.”