बोटानं ऐकलेलं

शरयू : नाना, फोन मी उचलला, 'जालन्याहून साहेब बोलून राह्यले' म्हणून तुमच्या हातात दिला. ते एवढा वेळ बोलले अन् तुम्ही नुसतं 'हो, हो' म्हणून ठेवून दिला. काय विचारलं त्यांनी?

मार्तंड : लाइनीत खरखर होती.

शरयू : साहेबांचा खोकलासुद्धा साफ ऐकू आला मला.

मार्तंड : हळू बोल. बाहेर भागचंदशेठ तिकिटाला उभे आहेत.

शरयू : हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येईल का?

(मार्तंडराव टपाल खिडकीची झडप ओढून घेतात आणि लेकीचे ओठ दिसतील असे समोर बसतात.)

मार्तंड : दोन वर्षं झाली कान जाऊन. समोरासमोर भागतं. ओठ बघतो, बाकीचं अंदाजानं. पण हा फोन आला तीन महिन्यांमागं अन् पंचाईत झाली. फोनला ओठ न्हाईत.

शरयू : मंग तारा कशा घेता? सगळ्या मंठा गावात नाव आहे, मार्तंडबाबूची तार चुकत न्हाई म्हणून.

मार्तंड : यंत्रावर बोट ठेवतो. कडकट्ट हाडातून वर येते. तारेचं बरं असतं, शरू. तिथं दोनच जिनसा, टिंब न्हाईतर रेघ. कितीही खरखर होऊ दे, मला एवढंच ठरवायचं असतं, हे का ते. न्हाईच ठरलं तर पुन्हा ठोकायला सांगतो. जालन्याचा तारबाबू वामन मरगळलेली रेघ घेतो अन् नवी कोरी ठोकून पुढं पाठवतो. म्हणून दिल्लीची तार इथं येईपर्यंत शिळी होत न्हाई.

शरयू : अन् आवाज?

मार्तंड : आवाजाला असे तुकडे न्हाईत. तो पाटाच्या पाण्यावानी सलग येतो. लांबून आला की वाटेत मुरतो, गढूळ होतो. मधे कुणी त्याला जोर दिला, तर गढूळपणालाही तेवढाच जोर मिळतो.

शरयू : पण त्यात माणूस येतो, नाना. आत्या गेल्याची तार अन् माझ्या निकालाची तार, दोन्ही कागद सारखेच कोरडे होते.

मार्तंड : येतो ना माणूस. ज्याला ऐकू येतं त्याला येतो.

शरयू : मंग मी औरंगाबादला जात न्हाई.

मार्तंड : काय म्हणालीस?

शरयू : टेलिफोन ऑफिसातली नोकरी. सोमवारी रुजू व्हायचं ते. मी इथंच बसते तुमच्याजवळ. फोन आला की मी ऐकते, पाटीवर लिहून देते. दोन वर्षांनी तुमची पेन्शन. कुणाला पत्ता लागायचा न्हाई.

मार्तंड : अर्ज भरायला जालन्याला उन्हात पायपीट केलीस तू.

शरयू : तेव्हाची गोष्ट वेगळी. आता मला जायचंच न्हाई.

मार्तंड : खरं?

शरयू : बिलकुल.

मार्तंड : ओठ तर बराबर बोलून राह्यले. आधी तुझा आवाज ऐकला की कळायचं, पोरगी थापा मारून राह्यली. शब्द अजून थोडेफार सापडतात, पण ते जे शब्दाच्या आत असतं ना, ते पहिलं गेलं माझ्या कानातून. फार वाईट वाटतं त्याचं. हा घे हात. तळव्यावर ठोक.

शरयू : काय ठोकू?

मार्तंड : लहानपणी शिकवलं ते. टिंबाला टिचकी, रेघेला बोट जरा दाबून. जायचं न्हाई ना? मंग इंग्रजी 'नो' ठोक.

शरयू : घ्या. झालं.

मार्तंड : रेघ, टिंब. मंग तीन रेघा. आता 'यस' ठोक.

शरयू : ते कशाला?

मार्तंड : ठोक म्हणतो ना.

शरयू : हे घ्या. दोन्ही बराबर आहेत. कागदावर दोन्ही सारखेच उतरतील.

मार्तंड : उतरतील. कागदावर हात उतरत न्हाई. वामनच्या घरी आजारपण असलं की त्याची रेघ लांबते. तो कधी बोलला न्हाई, मी कधी विचारलं न्हाई, पण बोटाला कळतं. तुझ्या 'नो'ची शेवटची रेघ सुटता सुटत नव्हती. 'यस' असं पळालं की मला धरता येईना.

शरयू : नाना, माझं राहू द्या हो.

मार्तंड : कागद घे. साहेबांच्या नावानं लिही. मला ऐकू येत नाही, टेलिफोनचं काम जमणार नाही, नुसत्या तारेवर ठेवलंत तर करीन.

शरयू : अन् न्हाई ठेवलं तर? पेन्शनीच्या आधीच घरी बसवतील.

मार्तंड : बसवतील. भीती तर वाटतेच. पण उद्या कुणाला साप चावल्याचा फोन आला अन् मी 'हो, हो' म्हणून ठेवून दिला तर? लिही तू.

शरयू : लिहिते. पण तिथून तुमच्याशी बोलू कशी? फोन चालत न्हाई. तार पाठवली तर इथपर्यंत वामनकाका ठोकणार. त्यात माझा हात कुठं येईल?

मार्तंड : न्हाई येणार. तू 'सुखात आहे' एवढंच पाठवत जा. मी ते खरं धरून चालेन.