तुरीची ओळ आणि परतीचं तिकीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय वामनराव काका, व्यासपीठावर विराजमान मोजणी कार्यालयातील मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती भूकरमापक किसनराव साहेब, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती सोजराबाई काकू, आणि ऊन डोक्यावर असताना आलेल्या माझ्या धामणगावकर बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी अश्विनी, कडूबांची सून. साहेबांच्या खात्यात मी कधी नव्हते, मग हिला का उभं केलं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. साहेबांनीच माझं नाव सुचवलं. मी काय बोलणार हे कळलं असतं, तर सुचवलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आणि शेजारच्या रंगरावांच्या वावराची मोजणी होती. तेव्हा माझ्या जिवाला वेगळाच घोर होता. माझे यजमान हर्षल यांनी चाकणला कंपनीत नोकरी ठरवली होती. मामंजींचे गुडघे धरलेले, मागे वावर कोण पाहणार? मी म्हटलं, मी घरून काम करते, तुम्ही जाऊ नका. ते म्हणाले, "पुढच्या आखाजीपर्यंत तुह्यं काम लागलं तं थांबतो." म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली, आणि प्रवासाची मोठी बॅग आणून कपाटावर ठेवली. रोज झाडताना ती दिसायची.

पण शिकायचं काय? चुलतबहीण काजलने डिजिटल मार्केटिंग केलं म्हणून मी ते लावलं, अर्ध्यावर सोडलं. गल्लीत एकीने लोगो काढायला घेतले, की आम्ही सातही जणींनी लोगो काढले. शेजाऱ्याने पेरलं म्हणून पेरायची आपली सवय, ती कॉम्प्युटरसमोर बसल्यावर सुटते का? गावातल्या एका पिठाच्या गिरणीला चार लोगो झाले. गिरणीवाल्याने एकही लावला नाही.

तर मोजणीच्या दिवशी मी चहा घेऊन वावरात गेले. साहेबांचा कच्चा नकाशा पाहून तोंडून निघून गेलं, की बाभळीपाशी धुरा वळतो आणि तुमची रेघ सरळ गेलीय. धुरा म्हणजे बांध, हे बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. मामंजींनी डोळे वटारले. साहेब मात्र बाभळीपर्यंत चालत गेले, परत आले आणि रेघ खोडली. मग विचारलं, काय करतेस? मी शिकलेल्या, सोडलेल्या कोर्सची यादी वाचली. साहेब म्हणाले, "हे तं लोकाइले जमते ते झालं. तुले काय जमते?"

खरं सांगते, तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. साहेबांनीच सांगितलं, की उपग्रहाच्या फोटोंवरून शेतांच्या हद्दी आखायचं काम घरी बसून मिळतं, ते शीक. दर रविवारी ते आमच्या ओसरीवर येऊन हद्दी वाचायला शिकवायचे, कॉम्प्युटरचं माझं मी पाहायचे, आणि ते चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

सात-आठ महिन्यांनी असं काम देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेची चाचणी दिली आणि मी नापास. आपण सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी पेरतो ना, वरून त्या गडद रेघा दिसतात. प्रत्येक ओळीला धुरा समजून मी एका वावराची नऊ वावरं केली. शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून, आणि हा प्रताप! साहेबांनी मला भर उन्हात वावरात नेलं, कापलेल्या तुरीची खुंटं दाखवली आणि म्हणाले, "कॉम्प्युटर शिकली अन् वावर इसरली. चाल, पुन्हा दे."

आखाजीच्या आठ दिवस आधी दुसऱ्या चाचणीत पास झाले आणि काम लागलं. हर्षल यांनी बॅग खाली काढली आणि तिच्यात लसूण भरला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. त्या बॅगेत आजही लसूणच असतो.

मागच्या रांगेतल्या पोरींनो, काय शिकू म्हणून माझ्याकडे जरूर या. पण साहेबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन या.

आता जे सांगते ते सांगू नको, असं मला बजावलेलं आहे. गेल्या महिन्यात साहेब ओसरीवर आले आणि हळूच म्हणाले, "आता मी घरी बसून काय करू वं? पुण्याले पोराकडे जातो कायमचा. इथं माह्यं काय काम?" चौतीस वर्षं तालुक्यातले धुरे पायाखाली घातलेला माणूस हे विचारत होता. मला वाईट वाटलं, आणि मग रागही आला. हे घ्या घरी बसून करायचं काम, म्हणत मी त्यांच्यासमोर तीच चाचणी ठेवली.

मंडळी, साहेब नापास झाले. कॉम्प्युटरवर वरून पाहताना तेही तुरीच्या ओळींना धुरे समजले. एका वावराची अकरा केली, माझ्यापेक्षा दोन जास्त.

साहेब स्वतःच हसताहेत, मग तुम्हीही हसा. पण त्या दिवसापासून त्यांनी चाचणीचा विषय काढलेला नाही. मुलाने, प्रसेनजितने, नांदुरा ते पुणे अशी परवाची तिकिटं काढली आहेत आणि साहेबांची बॅग भरून तयार आहे. साहेब, भरलेल्या बॅगेची धास्ती मला ठाऊक आहे. म्हणून तुमचंच बोलणं तुम्हाला परत करते. कॉम्प्युटर शिकले अन् वावर इसरले. चला, पुन्हा द्या.

सोजराबाई काकू, नातवाला पोटभर भेटून या. फक्त परतीचं तिकीट आजच काढा. काढाल ना? काकू "हाव" म्हणाल्या. माईकवर आलं नाही, पण मी ऐकलं.

अध्यक्षांनी आणि संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, साहेबांचा निकाल चारचौघांत फोडला ते तर झालंच, तर लेक समजून पोटात घाला. आणि साहेब, पुण्याहून आलात की बॅग रिकामी करून आमच्याकडे पाठवा. औंदा लसूण भरपूर झालाय.