कुलरमागच्या आठ सुऱ्या

प्रसन्न : या गाठी मी मारलेल्या नाहीत.

रुचिरा : सकाळी सकाळी काय काढलंस? चहा निवतोय तुझा.

प्रसन्न : इकडे ये आधी. कुलरमागे, ओलाव्यात, आठ सुऱ्या ठेवल्यात मी. चार आमच्या कंपनीच्या औषध लावलेल्या फडक्यात, चार साध्या फडक्यात. साध्या चारांची सुतळी जशीच्या तशी आहे. आमच्या चारही पुडक्यांना मात्र दुसऱ्याच कुणीतरी गाठी मारल्यात. कोणी उघडली?

रुचिरा : माझ्याकडे काय बघतोस? हात लावायचा नाही म्हणालास, म्हणून महिनाभर त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवला नाही.

प्रसन्न : कामवालीने?

रुचिरा : ती तर त्या खिडकीकडे फिरकतसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी विचारलं तिनं मला, भाभीजी, साहब करते क्या हैं?

प्रसन्न : हसू नको यार. आज चाळिसावा दिवस आहे. अकरा वाजता साहिबाबादच्या कारखान्यात साहनींना रिपोर्ट द्यायचाय. त्यांच्या दोन हजार सुऱ्या जहाजाने जर्मनीला जाणारेत. मागच्या खेपेला सगळा माल गंजून परत आला. परत तसंच झालं तर कारखान्याला कुलूप लागेल. आणि हे फडकं गुंडाळा, दोन महिने समुद्रात गंज धरणार नाही, असं मी लिहून देणार आहे. माझ्या सहीनं.

रुचिरा : तुझं कन्फर्मेशनही त्याच रिपोर्टवर अडलंय ना?

प्रसन्न : बिल्कुल. बाबा, पेपर ठेवा जरा खाली.

पद्माकर : ऐकू येतंय मला. पेपर डोळ्यांनी वाचतात.

प्रसन्न : मग सीधी बात सांगा. तुम्ही उघडलीत?

पद्माकर : मला काय करायचंय तुझ्या सुऱ्यांशी?

प्रसन्न : पहिल्याच दिवशी टोमणा मारलात. फडक्याने गंज थांबत असता तर आम्ही चौतीस वर्षं सरकारी स्टोअरमध्ये ग्रीस कशाला फासत बसलो असतो, म्हणालात.

पद्माकर : म्हणालो. त्यात खोटं काय?

प्रसन्न : मी सरकारी नोकरी सोडली तेव्हा चार दिवस जेवला नव्हतात.

पद्माकर : दोन दिवस. चार नाही.

प्रसन्न : माझं इथे काही धड व्हावं असं तुम्हाला वाटतच नाही. ही कंपनी नको, हा गाझियाबादचा फ्लॅट नको, शेजारी नकोत. आता माझ्या कामात हात घातलात.

रुचिरा : प्रसन्न, आवाज कमी कर.

प्रसन्न : तू त्यांची बाजू घेऊ नकोस.

रुचिरा : बाजू नाही घेत. उलट मलाही एक सांगायचंय. माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी अर्धी झालीये. जूनपासून मी मशीन उघडलेलंच नाही.

प्रसन्न : आणि हे तू आज सांगतेस?

रुचिरा : सासऱ्यांवर संशय घ्यायचा म्हणजे तोंड कसं उघडणार? दुपारी घरात तेच असतात, हे मलाही कळत होतं. वाटलं, दाराच्या बिजागऱ्यांना घालत असतील.

प्रसन्न : काय घातलंत बाबा माझ्या सुऱ्यांवर? तेलात मीठ कालवलंत की काय?

पद्माकर : शोभतं का रे हे तुझ्या तोंडी?

रुचिरा : अरे, भांडण्याआधी उघडून तरी बघ.

(प्रसन्न सुतळ्या कापून आठही पुडकी उघडतो.)

रुचिरा : साध्या फडक्यातल्या चारही लाल झाल्यात. पण या तुझ्या चार बघ की. नव्यासारख्या आहेत. कुठे डाग नाही.

प्रसन्न : वास घे.

रुचिरा : माझ्या मशीनचं तेल.

प्रसन्न : आमच्या फडक्याला तेल नसतंच. नुसतं औषध असतं, त्याची वाफ पात्यावर बसते. हे तेल बाहेरून लावलंय. अर्धी कुपी संपेपर्यंत लावलंय. बाबा?

पद्माकर : बाराव्या दिवशी उघडली पहिली. लपवत नाही आता. गंज दिसावा म्हणूनच उघडली. म्हटलं, संध्याकाळी समोर ठेवीन तुझ्या, उतरेल सगळा तोरा.

प्रसन्न : आणि?

पद्माकर : होता गंज. पात्याच्या मध्यावर, एवढासा. दुसऱ्या एकीवरही तसाच. इतके दिवस मनात म्हणत होतो तेच झालं होतं, आणि मला कसली म्हणून मजा वाटली नाही. ही नोकरी गेली तर जुनी काही परत मिळणार नव्हती तुला. मग बारीक पॉलिशपेपरने डाग घासून काढले, चारींना तेलाचा हात फिरवला, बांधून ठेवल्या. तेव्हापासून तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की तेच करतोय.

प्रसन्न : म्हणजे फडकं कुचकामी आहे.

पद्माकर : फडक्याचा दोष नाही. तो डाग म्हणजे अंगठा होता, रेषासुद्धा दिसत होत्या. तू या सुऱ्या गुंडाळल्यास तो उकाडा आठव. वीज गेलेली, घामानं डबडबलेले हात. उघड्या बोटांनी पाती धरलीस. आम्ही स्टोअरमध्ये पात्याला कधी बोट लावत नसू. आधी स्पिरिटने पुसायचं, मग गुंडाळायचं.

प्रसन्न : ट्रेनिंगमध्ये हातमोजे घालायला सांगितले होते. मला वाटलं, घरच्या घरी कशाला.

रुचिरा : बाबा, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? परत आठ सुऱ्या बांधल्या असत्या त्याने.

पद्माकर : सांगायचं तर आधी का उघडली तेही सांगावं लागलं असतं.

प्रसन्न : अच्छा. म्हणून गप्प बसलात.

पद्माकर : म्हणून. लाज वाटली मला.

रुचिरा : झालं ते झालं. आता पुढचं बघू. फडकं चांगलं आहे, हे तर बाबाच म्हणतायत.

पद्माकर : तू बोट न लावलेल्या दोन स्वच्छच होत्या. दे सही करून. कोणाला कळतंय?

प्रसन्न : बारा दिवस स्वच्छ होत्या. पुढचे अठ्ठावीस दिवस त्यांना फडक्याने राखलं की तुमच्या तेलाने?

पद्माकर : ते कसं सांगणार?

प्रसन्न : तेच म्हणतोय मी. रुचिरा, फोन दे इकडे.

रुचिरा : विचार कर जरा. पाच महिने झालेत या नोकरीला.

प्रसन्न : दे. हॅलो, साहनीजी? नमस्ते, प्रसन्न बोल रहा हूँ. जी, रिपोर्ट नहीं दे पाऊँगा. नहीं, कपड़ा ख़राब नहीं है, टेस्ट ख़राब हो गया. मैंने नंगे हाथ से ब्लेड पकड़े थे. जी, मेरी ग़लती है. आप अभी पैकिंग मत कीजिए. चालीस दिन और चाहिए. जी. समझ रहा हूँ. जी.

रुचिरा : बाबांचं नाव नाही घेतलंस.

प्रसन्न : अंगठा माझाच होता.

रुचिरा : काय म्हणाले?

प्रसन्न : चिडले. दुसऱ्या कंपनीचा माणूस दुपारी येतोय म्हणाले. आता आमच्या साहेबांना सांगायचंय. कन्फर्मेशनचं काही खरं नाही.

रुचिरा : दोन घास खाऊन जा मग. उपाशीपोटी नको जाऊस त्यांच्यासमोर.

पद्माकर : प्रसन्न.

प्रसन्न : बोला.

पद्माकर : मी सही केली असती. स्टोअरमध्ये एकदा अशीच केलीही होती. त्या मालाचं पुढे काय झालं, ते कधी कुणाला विचारलं नाही मी.